पहिल्या आवृत्तीचा आकडा

पाचशे हा आकडा खोटा नव्हता. खोटा असता तर म्हस्कू तो कधीच कबूल करून, गुरुजींच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झाला असता. पण गुरुजींच्या खेळाचे पाचशे पट छापले होते आणि पाचशेच्या पाचशे विकले गेले होते. एकही घरी उरला नव्हता. या खऱ्या आकड्याचं ओझं कुठं नेऊन टाकावं, हे त्याला चार वर्षं उमगत नव्हतं.

शनिवारी दुपारी बारामतीला बुद्धघोषच्या छापखान्यात चौघं बसली होती. यंत्र थांबलेलं होतं, पण शाईचा वास तसाच घमघमत होता. खुर्चीवर आप्पासाहेब गुरुजी बसले होते. इंदापुरातले निवृत्त शिक्षक, पण तालुक्याला ठाऊक ते कीर्तनकार म्हणून. समोर त्यांची नात रोहिणी, बारामतीला मावशीकडं राहून कॉलेज करणारी. मध्ये कागदांच्या रिमवर टेकलेला बुद्धघोष. आणि दाराशी, चपला काढून, भिंतीला पाठ लावून म्हस्कू. गुरुजींच्या कीर्तनात तीस वर्षं मागं उभा राहून टाळ वाजवणारा, आणि जत्रेजत्रेत त्यांच्या पटाचं दुकान मांडणारा.

वाद पटाचाच होता.

गुरुजींनी त्र्याण्णव साली हा खेळ काढला, त्याचं नाव 'आख्यानपट'. कल्पना मोठी गोड होती. चारपाच माणसांनी पटाभोवती बसायचं. एकानं व्हायचं बुवा. बुवानं आख्यान सुरू करायचं, की बाबांनो, नदीला पूर आलाय, पलीकडच्या गावात देवाचा उत्सव आहे, आणि नावाडी रुसून बसलाय. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि त्याची सोंगटी पटावर ठेवायची. कुणी मेंढका, कुणी विणकर, कुणी सासुरवाशीण. मग ज्यानं त्यानं सांगायचं, मी अमुक करीन. ते साधलं का फसलं, हे सहा कवड्या ठरवणार. आणि पुढचं आख्यान बुवानं त्यातूनच फुलवायचं. हरणं-जिंकणं नाही. सगळी पैलतीरी पोचली की गजर करायचा आणि उठायचं. कीर्तन नुसतं ऐकू नये, माणसानं त्यात शिरावं, ही गुरुजींची तळमळ.

पहिली आवृत्ती भगव्या कापडावर छापली. चार कोपऱ्यांत नदी, रान, बाजार, राजवाडा, आणि मधोमध गाभाऱ्यासकट देव. दुसरी आवृत्ती गेल्या दिवाळीला रोहिणीनं काढली. पुठ्ठ्याचा पट, खोक्यात घातलेला, नवी आठ आख्यानं, आणि मधल्या देवाच्या जागी गावातला पार.

आता तिसरी काढायची होती. कापडाची, का खोक्याची?

"अगं, आकडे बोलतात," गुरुजी म्हणाले. "माझे पाचशे गेले. तुझे किती?"

"एकशे चौदा."

"संपलं की मग!"

"कसं संपलं, आबा?" रोहिणीनं वही उघडली. "तुमचे पाचशे दोन वर्षांत गेले. म्हणजे महिन्याला वीस-एकवीस. माझे एकशे चौदा पाच महिन्यांत. महिन्याला बावीस-तेवीस पडतात."

"दिवाळीची सुट्टी होती तुझ्या वेळेला."

"आणि तुमच्या वेळेला प्रत्येक जत्रा होती. म्हस्कूतात्या भिगवणपासून बावड्यापर्यंत दुकान लावत होते. माझी खोकी इथं या टेबलावर नुसती पडून होती. कुणी ओरडून विकली नाहीत."

"यात्रेत गेले म्हणजे लोकांत गेले," गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "तुझी गेली होस्टेलच्या पोरींत. त्यांना काय, आज पट, उद्या बॅडमिंटन."

बुद्धघोष हसला. हा माणूस दोघांचंही छापत होता, त्यामुळं त्याला कुणाचीच भीती नव्हती. त्यानं खणातून पत्रांचा एक गठ्ठा काढला. "गुरुजी, मी एक विचारू का? दोन्ही आवृत्त्यांवर पत्ता माझ्याच छापखान्याचा हाय. रोहिणीताईंच्या खोक्यावर ही सदतीस कार्डं आली. ही बघा. 'नावाडी झालेल्यानं पैसे मागितले, द्यायचे का? आमच्यात भांडण जुंपलंय.' हे दुसरं. 'बुवाच लबाडी करतो, काय करावं?' हे तर सासूनं सुनेविरुद्ध लिहिलंय."

"मग?"

"तुमच्या पाचशेवर किती आली असतील?"

"किती?"

"एकबी न्हाय." बुद्धघोषनं गठ्ठा खाली ठेवला. "पाचशे घरांत खेळ चालतो, आन एका घरात भांडण न्हाय? देवमाणसं म्हणायची की हो इंदापूर तालुक्यात!"

रोहिणी फिसकन हसली. गुरुजींना मात्र ते लागलं. "माझे नियमच इतके सोपे आहेत, विचारायचं काय? आणि हिनं काय केलं? देवच काढला मधला! पारावर काय विड्या ओढायच्या?"

"आबा, देवाच्या अंगावर सोंगटी ठेवायला लोक कचरतील, म्हणून—"

"माझे पाचशे लोक कचरले नाहीत." गुरुजी दाराकडं वळले. "म्हस्कू, तू सांग. तू विकलेस. पाचशे गेले का नाही?"

कीर्तनात गुरुजी असेच अर्ध्यात वळत. 'खरं का खोटं, म्हस्कू?' आणि टाळावर टाळ पडायच्या आत म्हस्कूच्या तोंडून निघायचं, 'खरं हाय, गुरुजी!' लोकांना ते आवडे. तीस वर्षांत हे उत्तर त्याच्या जिभेवर इतकं रुळलं होतं की विचाराला मध्ये शिरायला फटच नव्हती.

"खरं हाय, गुरुजी," म्हस्कू म्हणाला. "पाचशे गेले."

रोहिणीनं वही मिटली. मिटल्यावर तिनं वहीवर दोन्ही हात ठेवले, आणि ते तसेच ठेवून बसली, हे म्हस्कूनं पाहिलं.

"ठरलं तर," गुरुजी म्हणाले. "हजार पट, कापडाचे. सोमवारी कापडाची मागणी पाठव, बुद्धघोष. आणि ती उरलेली खोकी किती आहेत? एकशे शहाऐंशी? फोडून टाक. पुठ्ठा तुझ्या बाइंडिंगला होईल."

"आबा, नवीन आख्यानं तरी—"

"पुढं बघू, पोरी."

एसटीत गुरुजींना खिडकी मिळाली. ते वाऱ्यावर तिसऱ्या आवृत्तीचा रंग ठरवत होते. शेजारी म्हस्कू अंग चोरून बसला होता. बाहेर उसाचे फड मागं पळत होते, आणि त्याच्या मनात बावड्याची जत्रा पुढं पुढं येत होती.

त्र्याण्णवची ती पहिलीच जत्रा. गुरुजी पाय मोडून घरी खाटेवर होते. म्हस्कूनं दुकान मांडलं, पट पसरला, कवड्या ठेवल्या. तीन दिवस गळा फाडून ओरडला. लोक यायचे, वाकून बघायचे, मधल्या देवाला हात जोडायचे आणि पुढं जायचे. शेवटच्या दिवशी एक बाई थांबली. तिनं कापड दोन बोटांत चोळलं. "पोथी बांधायला झ्याक हाय की रं. देव बी हाय वर." तिनं घेतलं. तिचं बघून तिच्या जावेनं घेतलं. तासाभरात म्हस्कूची आरोळी बदलली होती, "पोथीचं कापड! देवाचं कापड! कवड्या फुकट!" त्या दिवशी बावीस गेले.

रात्री गुरुजींनी खाटेवरूनच विचारलं, "किती?"

"बावीस, गुरुजी."

"आवडला लोकांना?"

"लई आवडला."

गुरुजींचे डोळे भरून आले होते. मोडक्या पायाचा माणूस उशी धरून बसता झाला होता. आता सांगू का नंतर सांगू, या विचारात म्हस्कूनं तोंड उघडलं नाही. पुढच्या जत्रेत एकोणचाळीस गेले, मग तर सांगणं आणखी अवघड झालं. आकडा वाढत गेला तसं गुरुजींचं तेज वाढत गेलं, आणि म्हस्कूचं बोलणं कमी होत गेलं. त्या मोडक्या पायानं गुरुजींची बाहेरगावची कीर्तनं जवळजवळ थांबली होती. त्यामुळं ते कापड कुठं कुठं नांदतंय, हे त्यांच्या नजरेला पडायचा प्रश्नच आला नव्हता.

पण उद्या रविवार होता. आणि उद्या कळस गावच्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाचं, काल्याचं कीर्तन गुरुजींचं होतं.

कळसला पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सप्ताहभर चाललेलं पारायण नुकतंच उरकलं होतं. वाचकांनी पोथ्या बांधून मांडवात, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, चौरंगांवर रांगेनं ठेवल्या होत्या. गुरुजी सरपंचांच्या ओसरीवर चहाला टेकले आणि म्हस्कू टाळ घेऊन पुढं मांडवात गेला.

गेला आणि जागीच थिजला. चाळीसेक पोथ्या असतील. त्यातल्या वीस-पंचवीस तरी भगव्या कापडात. कुठं नदीचा कोपरा वर आलेला, कुठं राजवाडा, कुठं गाठीखाली गाभाऱ्याचा कळस. उन्हानं विटलेला, हळदीकुंकवाचे डाग पडलेला, पण तोच तो पट.

ओसरीवरून गुरुजींचा आवाज जवळ येत होता. म्हस्कूनं इकडंतिकडं बघितलं. पायाशी सतरंजीची गुंडाळी पडली होती. त्यानं ती उचलली आणि सगळ्या पोथ्यांवर पसरून टाकली.

"ए! ए म्हस्कू! डोकं फिरलं का काय तुजं?"

प्रयागबाई होत्या. सत्तरीच्या, कपाळभर बुक्का लावलेल्या, गावच्या पारायणाला पहिली जागा त्यांची. "माणसांच्या पायाखालची सतरंजी, आन पोथ्यांवर टाकतुयास? माळकरी हायेस ना तू?"

"धूळ... धूळ उडती हाय, मावशी, म्हणून."

"धूळ म्हनं! आठ दिस कीर्तनं झाली, धूळ न्हाय उडाली. काढ ती!"

"कीर्तन झाल्यावर काढतो, मावशी. पाया पडतो तुमच्या."

प्रयागबाई काही तरी पुटपुटत बायकांत जाऊन बसल्या. म्हस्कूचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथून झटकन खाली आला. एका माणसाला दुखवू नये म्हणून गप्प बसलो, असं तो चार वर्षं स्वतःला समजावत आला होता. आज त्याच गप्प बसण्यापायी देवाच्या शब्दावर पायपुसणं टाकून झालं होतं. आता आणखी काय करायचं राहिलं?

गुरुजी उभे राहिले. पखवाज बोलला, टाळ लागले. पाय लंगडा असला तरी आवाज तसाच होता, खर्जातून उठून मांडवाच्या आढ्याला लागणारा. काल्याचं कीर्तन म्हणजे देवाच्या गवळ्यांबरोबरच्या खेळाचं. गुरुजी रंगात आले. देव चेंडू हरवतो, देव रुसतो, देव पेंद्याच्या शिदोरीतला घास हिसकावून खातो. बाया हसत होत्या, म्हातारे मान डोलवत होते. एरवी म्हस्कू यात विरघळून जाई. आज त्याला डाव्या हाताची ती सतरंजी तेवढी दिसत होती.

"आणि मायबाप हो," गुरुजींनी उपरण्यानं घाम पुसला, "देव खेळला, मग आपण का खेळू नये? या गरिबानं एक पट काढला. त्याचं भाग्य बघा. आज या तालुक्यात पाचशे घरांत माणसं दिवेलागणीला एकत्र बसतात, आणि खेळता खेळता नामाचा गजर करतात. पाचशे घरांत!" आणि ते वळले. "खरं का खोटं, म्हस्कू?"

टाळ थांबले. म्हस्कूचे ओठ हलले. त्यातून काही आलं नाही.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. कुणीतरी "पुंडलिक वरदे" म्हणून आरोळी दिली आणि गजर सुरू झाला. पण गुरुजी तसेच अर्धे वळलेले, म्हस्कूच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी कीर्तन आवरतं घेतलं. हंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला हातोहात वाटला गेला.

मांडव विरळ झाल्यावर गुरुजी काठी टेकत त्याच्याजवळ आले. "म्हस्कू, बरं वाटत नाही का?"

"गुरुजी, इकडं या."

त्यानं त्यांना डाव्या अंगाला नेलं आणि सतरंजी ओढून काढली.

गुरुजींना क्षणभर कळलं नाही. मग वाकून त्यांनी एका पोथीच्या गाठीवर बोट ठेवलं, तिथून नदीच्या कोपऱ्यावर नेलं. ती नदी त्यांनी स्वतः काढली होती. वळणावरचा एक मासा चुकून उलटा झाला होता, तोही तिथं होता. ते दुसऱ्या पोथीकडं गेले. तिसरीकडं गेले.

"पोथीचं कापड म्हनून इकलं म्या, गुरुजी," म्हस्कू म्हणाला. "पयल्या जत्रेपासनं. खेळ म्हनून एक बी जाईना. तुमी खाटंवर पडला हुता. मला बोलवंना. मग रोजच बोलवंना."

तेवढ्यात प्रयागबाई आपली पोथी न्यायला आल्या आणि गुरुजींच्या पायावर वाकल्या. "बुवा, कापड लई चांगलं काढलंत हो. चार वर्सं झाली, धुतलं तरी देवाचा रंग जाईना."

"यात कवड्या होत्या," गुरुजी हळूच म्हणाले.

"व्हय की. म्हशीच्या गळ्यात बांधल्यात. दिष्ट लागत न्हाय."

"आणि खेळून नाही बघितलं कधी? पुस्तक होतं बरोबर."

प्रयागबाईंनी पोथी छातीशी धरली. "काय बोलताय, बुवा! देवाच्या अंगावर सोंगट्या नाचवायच्या? पाप न्हाय व्हय?"

"बरोबर आहे, बाई," गुरुजी म्हणाले. "पाप वाटणारच."

त्या गेल्यावर ते चौरंगाच्या कडेला टेकले. म्हस्कू उभाच होता. शिव्या द्याव्यात, काठी उगारावी, काहीतरी करावं गुरुजींनी, असं त्याला वाटत होतं. ते नुसते बसले होते, आणि दह्याचा हात पुसायचा राहून गेला होता.

"आकडा खराच सांगितलास तू," ते म्हणाले. "त्यालाच मी धरून बसलो. किती गेले, ते दर जत्रेला विचारलं. खेळतात का, हे विचारलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही, म्हस्कू. मला भीती असणार."

"माझी चूक हाय, गुरुजी. तुमी कशाला—"

"तुझी आहेच. ती मी घेत नाही." गुरुजींनी मान वर केली. "पोरीनं देव काढला म्हणून मी तिला चार माणसांत बोललो. तिला जे घरी बसून कळलं, ते मला एवढी कीर्तनं करून कळलं नाही. आणि तू तिथं बसून 'खरं हाय' म्हणालास."

म्हस्कूला याहून काठी परवडली असती.

कळसच्या फाट्यावर एसटीडीचा एक बूथ होता. गुरुजींनी आधी बुद्धघोषला लावला, कापडाची मागणी थांबव, खोक्यांना हात लावू नको, एवढं सांगितलं. पलीकडून तो बरंच काही विचारत होता. गुरुजी "उद्या, उद्या" म्हणत राहिले. मग त्यांनी रोहिणीच्या मावशीचा नंबर फिरवला, आणि घंटा वाजू लागली तसा फोन म्हस्कूच्या हातात दिला.

"गुरुजी, तुमीच सांगा की. मला न्हाय जमायचं."

"मला सांगितलंस, कारण मी माफ करीन हे तुला ठाऊक होतं. तिचं तुला ठाऊक नाही. सांग तिला."

आणि ते बूथच्या बाहेर जाऊन, पाठ करून उभे राहिले.

मावशीनं रोहिणीला हाक मारली. ती येईपर्यंत काचेवरच्या मीटरचे लाल आकडे पळत होते. म्हस्कूनं फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"बोला, म्हस्कूतात्या. आबा बरे आहेत ना?"

"बरं हायेत. पोरी, म्या काल लबाडी केली." आणि एकदा तोंड उघडलं तसं त्यानं सगळं सांगून टाकलं. बावड्याची ती बाई, कवड्या फुकटची आरोळी, सतरंजी. मध्ये एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पलीकडची शांतता ऐकू आली असती.

शेवटी ती ऐकावीच लागली.

"काल माझी खोकी फोडायची ठरली, तेव्हा तुम्ही समोर होता," रोहिणी म्हणाली.

"व्हतो."

"माझ्याकडं बघत होता."

"व्हय, पोरी."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, वहीची पानं उलटल्याचा आला. ती बोलली तेव्हा आवाज रडका नव्हता, पण कालच्यासारखा मायेचाही नव्हता.

"पाचशेतले खेळायला म्हणून किती गेले? अंदाज नको. गाववार सांगा."

म्हस्कूनं डोळे मिटले. भिगवण आठवलं, बावडा आठवला, एकेका जत्रेतली गिऱ्हाइकांची तोंडं आठवली. बाहेर गुरुजींनी मान किंचित कलती केली होती, म्हणजे तेही ऐकत होते.

"भिगवण," तो म्हणाला, "दोन. स्टेशनवरचा एक पोर्टर, आन एक मास्तरीण. लिव्हलंस?"

"लिहिलं. पुढं."

"बावडा, एकबी न्हाय."